थांब, एक मिनिट

फोटोंचा नाद आम्हाला तसा उशिराच लागला. शाळेच्या स्नेहसंमेलनाचे फोटो काढता काढता एक सेकंडहँड कॅमेरा घेतला, मग लांब पल्ल्याची लेन्स आली आणि घरात "आता खर्च पुरे" असं ऐकू येऊ लागलं. ईदचा चाँद टिपायचा, ही आमची सर्वांत मोठी हौस.

वाचकहो, हे काम दिसतं तितकं सोपं नाही. 29व्या रोज्याला मगरिबनंतर चाँद पश्चिमेला, क्षितिजालगत, थोडाच वेळ असतो. मोबाइल तिन्हीसांजेचं आकाश उजळून टाकतो आणि नखाएवढ्या कोरीचा नुसता पांढरा ठिपका होतो. कॅमेऱ्याचा ऑटोफोकसही मोकळ्या आकाशात चाचपडत राहतो. म्हणून फोकस हातानं, लांबच्या एखाद्या दिव्यावर करून ठेवायचा. ट्रायपॉड हवाच. बटण दाबताना कॅमेरा हलू नये म्हणून 2 सेकंदांचा टायमर लावायचा. शटर फार वेळ उघडं ठेवलं तरी पंचाईत, कारण चाँद साधारण 2 मिनिटांत स्वतःच्या रुंदीइतका सरकतो. सगळं जुळलं तर कोरीच्या कुशीतला अंधूक गोलही उमटतो. पृथ्वीवरून परतलेल्या उजेडानं तो दिसतो.

तीन वर्षांपूर्वी आम्हाला हे सगळं जमलं.

अम्मी शेजारीच गच्चीचा कठडा धरून उभी होती. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. अब्बा होते तेव्हा ते तिचं बोट धरून दाखवायचे, चिंचेच्या शेंड्यापासून दोन बोटं वर. त्या दिवशी ती विचारत होती, "बेटा, कुठं आहे?" आम्ही "थांब, एक मिनिट" म्हणत राहिलो. किती वेळा म्हणालो, आठवत नाही. मान वर केली तेव्हा चाँद चिंचेआड गेला होता.

मग फोटो मोठा करून तिला कॅमेऱ्याच्या पडद्यावर दाखवला. "सुरेख आलाय," म्हणाली. दुआसाठी हात मात्र तिनं चिंचेकडे पाहूनच उचलले. नातेवाइकांच्या ग्रुपवर तो फोटो सगळ्यांना आवडला. आम्ही अजून तो फ्रेम केलेला नाही.

आता कॅमेरा असरनंतरच लावून ठेवतो आणि वेळ झाली की भाच्याच्या ताब्यात देतो. आमच्या हौशी दोस्तांना हे पटत नाही. एवढी महागाची लेन्स आणि पोराच्या हाती! पण अम्मीच्या डोळ्यांचं ऑपरेशन झालं असलं तरी बोट धरावं लागतंच. किंवा ती धरू देते म्हणा.

यंदा भाच्याचा धक्का ट्रायपॉडला लागला. फोटोत एका चाँदच्या दोन कोरी आल्या. पोरगं रडवेलं झालं. अम्मीनं पडदा डोळ्यांजवळ नेला आणि हसत सुटली, "अरे, ऑपरेशनच्या आधी मला असाच दिसायचा!"