बालक कोणी व्हावे?

बालकासारखे होण्याचा प्रभू येशूने केलेला उपदेश आपल्या धर्मग्रामांत वारंवार कानी पडतो. दुर्दैव असे की, तो बहुधा कोणी प्रश्न विचारला म्हणजेच कानी पडतो. चर्चच्या जमाखर्चाचा हिशेब मागणारा तरुण असो की धर्मशिक्षणाच्या वर्गांची दुरवस्था सांगणारी माता असो, ‘नम्र व्हा’ असे सुनावून त्यांना गप्प बसविले जाते. नम्रतेचा हा अर्थ आम्हांस मान्य नाही. तो शुभवर्तमानाचा अर्थच नव्हे.

मुळात हा उपदेश प्रभूने कोणाला केला? मत्तयच्या शुभवर्तमानाचा अठरावा अध्याय उघडून पाहावा. स्वर्गाच्या राज्यात थोर कोण, हा प्रश्न शिष्यांचा होता. मार्क तर सांगतो की, कफर्णहूमला येताना वाटेत त्यांचा त्यावरून वादच झाला होता. प्रभूने बालकाला उभे केले ते त्यांच्या मधोमध. ज्यांच्या हाती पुढे ख्रिस्तसभेची धुरा जाणार होती, त्यांना तो धडा होता. त्या काळच्या समाजात बालकाला ना मान होता, ना अधिकार. तेव्हा बालक होणे म्हणजे मानाची जागा सोडणे. लहानांपैकी एकालाही अडखळविणाऱ्यास गळ्यात जात्याची तळी बांधून समुद्रात बुडविलेले बरे, ही कठोर ताकीदही त्याच अध्यायात आहे. म्हणून वेदीवरून नम्रतेचा उपदेश करण्यापूर्वी आम्हा धर्मगुरूंनी तो प्रथम स्वतःच्या कानांनी ऐकला पाहिजे.

येथे कोणी बाळ येशूच्या संत तेरेजेचे नाव घेईल. अवश्य घ्यावे; मात्र हाती गुलाब घेतलेल्या चित्रातील तेरेजेवर थांबू नये. २० नोव्हेंबर १८८७ रोजी ही चौदा वर्षांची मुलगी रोममध्ये पोप तेरावे लिओ ह्यांच्यापुढे गुडघे टेकून होती. पोपमहोदयांशी कोणी बोलू नये, अशी सूचना यात्रेकरूंना देण्यात आली होती. तेरेजा तरीही बोलली. पंधराव्या वर्षी कार्मेल मठात प्रवेश मिळावा, अशी विनंती तिने केली, आणि उठण्यास सांगितल्यावरही ती हटली नाही. अखेर तिला उचलून बाजूला न्यावे लागले. पुढे बिशपांची संमती मिळाली, तरीही मठाने ठरविलेल्या दिवसाची वाट पाहून ९ एप्रिल १८८८ रोजीच तिने प्रवेश केला. मागणे आणि आज्ञापालन ही परस्परविरोधी नाहीत, हे तिच्या जीवनाने दाखविले. बालक बापाकडे निर्भयपणे मागते. भितो तो चाकर.

तिच्या ‘लहान मार्गा’चे मर्मही ह्याच विश्वासात आहे. परिपूर्णतेचा जिना चढण्यास आपण फार लहान आहोत, येशूचे बाहू हीच आपली लिफ्ट, असे तिने लिहिले. देवापुढे रिकाम्या हाताने उभे राहण्याची तिची तयारी होती. आपल्या पुण्याचा हिशेब तिने ठेवला नाही. परंतु दुसऱ्यांच्या दानाचा हिशेब ठेवू नये, असा त्याचा अर्थ कोणी काढू नये. चोविसाव्या वर्षी क्षयाने मरण पावलेल्या ह्या तरुणीला १९९७ साली ख्रिस्तसभेने धर्मपंडितेचा मान दिला, तो काही मुकाट राहिल्याबद्दल नव्हे.

प्रश्न विचारू दिले तर शिस्त बिघडेल, असे काही जण म्हणतात. त्यांनी दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेचा १९६४ सालचा ख्रिस्तसभेविषयीचा दस्तऐवज वाचावा. ख्रिस्तसभेच्या हितासंबंधी आपले मत मांडणे हा प्रापंचिकांचा अधिकार, प्रसंगी कर्तव्यही आहे, असे तो सांगतो; ते सत्याने, धैर्याने आणि आदराने मांडावे, अशीही त्याची अपेक्षा आहे. श्रद्धावंतांनी दिलेल्या दानाचा हिशेब त्यांना द्यावा, असे १९८३ च्या धर्मसंहितेतही नमूद आहे. संत पौलानेही करिंथकरांना बजावले होते की, दुष्टपणाच्या बाबतीत बालक असावे, समजुतीत मात्र प्रौढ व्हावे.

तेव्हा आमची विनंती साधी आहे. यापुढे नम्रतेवर प्रवचन करावयाचे असेल, तर त्याच रविवारी वर्षाचा जमाखर्च वाचून दाखवावा, आणि मग लोक काय विचारतात ते बसून ऐकावे.