गाडीला मखरात बसवू नका

जुनी मोटार मखरात बसवणे आणि भंगारात घालणे, या दोन गोष्टींत मला फारसा फरक दिसत नाही. पहिलीत हारतुरे अधिक, इतकेच. फराळाचे ताट पुढ्यात घेऊन बसलेल्या वाचकांना हे बोलणे कडू लागेल; पण १९८३ पासून एकच गाडी सांभाळणाऱ्याला एवढे बोलण्याचा अधिकार असावा.

माझी गाडी स्टँडर्ड हेराल्ड, १९६५ सालची, दोन दारांची. मद्रासला १९६१ पासून तयार होऊ लागलेल्या या गाडीचे रूप इटलीच्या मिकेलॉत्तीने रेखाटलेले. इंजिन अवघे ९४८ घनसेंटिमीटरचे. तिला स्पोर्ट्स कार म्हटले की आमचे जावईबापू मिशीत हसतात. हसोत बापडे! १९६२ साली विलायतेत निघालेली ट्रायंफ स्पिटफायर ही याच हेराल्डचा सांगाडा आखडून बनवलेली. थोरली बहीण संसारी निघाली म्हणून काय ती घराण्याबाहेरची होते? पंचवीस फुटांच्या वर्तुळात ही गाडी वळते. सातारच्या पेठांतल्या बोळांत राहणाऱ्यालाच याची किंमत कळेल.

‘विकून टाका’ म्हणणाऱ्या हितचिंतकांशी माझे भांडण नाही. त्यांना गाडीचे प्रेम नाही, प्रश्न मिटला. भांडण आहे ते प्रेम करणाऱ्यांशी. वर्षातून एकदा मेळाव्याला न्यायची, आरशासारखी चकचकीत करायची आणि एरवी आच्छादनाखाली झाकून ठेवायची, अशी ही मंडळी. एका गृहस्थांनी मला अभिमानाने सांगितले, “दहा वर्षांत दोनशे किलोमीटरसुद्धा चालवली नाही.” मला त्यांच्या गाडीची दया आली. उभ्या गाडीच्या ब्रेकचे रबर वाळते, कार्बुरेटरमध्ये पेट्रोलचा डिंक होतो, सिलिंडरला गंज धरतो. हेराल्डच्या पुढच्या चाकांपाशी पितळी ट्रनियन असतात. त्यांना ग्रीस नव्हे, तेल लागते. तेल आटले की आतला दांडा झिजतो आणि एके दिवशी चाक आडवे होते. स्टिअरिंग जड झाले की समजावे, ट्रनियन तहानले. आणि जड झाले हे चालवल्याशिवाय कळणार कसे?

हे मला शिकवले सांगलीच्या मिस्त्रींनी. वर्षातून दोनदा कऱ्हाड, पेठनाका, आष्टा या वाटेने मी त्यांच्याकडे जातो. बाजारात सुटा भाग मिळत नाही, तेव्हा ते लेथवर बसतात. या मुलखाला ते नवे नाही. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १९१० साली कुंडलच्या माळावर नांगरांचा कारखाना काढला. पुढे साताऱ्यात कूपरांनीही नांगर ओतले. लोखंडाशी बोलणारे हात इथे पिढ्यान्‌पिढ्या आहेत. २०१९ च्या ऑगस्टात आयर्विन पुलापाशी कृष्णा ५७ फुटांवर गेली, तेव्हा माझी हेराल्ड मिस्त्रींच्याच दुकानात होती. चार दिवस पाण्याखाली! शेजारच्या नव्या गाड्यांतले संगणक बुडाले आणि विमेवाल्यांनी त्या निकालात काढल्या. मिस्त्रींनी हेराल्डचे तेल उपसले, डिस्ट्रिब्युटर उन्हात वाळवला, इंजिन उलगडून पुन्हा बांधले. दिवाळीला ती साताऱ्यात होती.

मिस्त्री आता पंचाहत्तरीचे. इंजिनाच्या आवाजावरून ‘टायमिंग’ लावायला त्यांचा नातू शिकतो आहे. गाड्याच चालल्या नाहीत तर तो शिकेल कशावर? माझ्या प्रेमाचे राहू द्या, त्याच्या विद्येचे काय?

आणि सरकारचे धोरण नेमके मखराच्या बाजूचे! २०२१ च्या नियमांनी पन्नास वर्षांवरील, मूळ रूपातल्या गाड्यांसाठी ‘व्हिंटेज’ नोंदणी काढली. सन्मान मोठा; पण अशी गाडी प्रदर्शन, संशोधन, मेळावा, पेट्रोल आणि दुरुस्ती एवढ्यासाठीच रस्त्यावर आणायची. म्हणजे सत्काराला जा, दवाखान्यात जा, मधल्या वेळात घरी बसा! नातीला कासची फुले दाखवायला न्यायची नाही, सांगलीच्या गणपतीला जायचे नाही. हे नको असेल तर दर पाच वर्षांनी नेहमीचे नूतनीकरण. त्याची फी सहाशेची पाच हजार झाली २०२२ साली, आणि वीस वर्षांवरील मोटारींना दहा हजार २०२५ साली. इंग्लंडात चाळीस वर्षांवरच्या गाडीला रस्त्याचा कर माफ आहे, आणि ती बाजारहाटाला नेली तरी कोणी अडवत नाही.

धुराचे आणि सुरक्षिततेचे आक्षेप खरे आहेत. माझ्या गाडीला हवेची पिशवी नाही, ब्रेक चारही ड्रमचे; म्हणून महामार्गावर मी साठाच्या पुढे जात नाही. पेट्रोलमधल्या वीस टक्के इथेनॉलने जुन्या रबरी नळ्या फुगतात. कृष्णाकाठचा ऊस आमच्याच नळ्यांवर उठावा, ही गंमतच! मिस्त्रींनी त्या बदलल्या. नळी कुजते आहे हेही गाडी चालती होती म्हणून वेळेवर दिसले.

तेव्हा माझे मागणे एवढेच : दरवर्षी ब्रेक तपासा, धूर तपासा, नापास झाली तर खुशाल थांबवा. वर्षाला तीन हजार किलोमीटरची मर्यादा घातली तरी चालेल. पण पास झालेल्या गाडीला कुठे जातेस म्हणून विचारू नका. मेळाव्याची आमंत्रणे मला येतातच. या वर्षी मी नाही म्हणून कळवले आहे. त्याच तारखेला नातवाला ब्रेकचे सिलिंडर उघडून पाहायचे आहेत, आणि त्याला गाडी हवी आहे.