जुनी फियाट ‘खाली बसवली’ तर विंटेज नोंदणी मिळते का? समजून घ्या

अहिल्यानगर : पत्र्याच्या शेडमध्ये धूळ खात पडलेली आजोबांची फियाट बाहेर काढायची, चकाचक रंग मारायचा आणि स्प्रिंग कापून ती रस्त्याला टेकेल इतकी खाली आणायची. मोबाइलवरच्या रील्समधली ही हौस आता गॅरेजपर्यंत आली आहे. गाडी दिसते झकास. मात्र त्या एका कापाने गाडीच्या कागदांचे काय होते, हे बहुतेकांना नंतर कळते.

10 हजार की 20 हजार?

केंद्र सरकारने ऑगस्ट 2025 मध्ये 20 वर्षांहून जुन्या चारचाकीच्या नोंदणी नूतनीकरणाचे शुल्क जीएसटी वगळून 10 हजार रुपये केले. हे नूतनीकरण 5 वर्षांसाठी असते. पर्यावरण कर वेगळा. दुसरीकडे विंटेज नोंदणीला 20 हजार रुपये लागतात आणि ती 10 वर्षे चालते. म्हणजे 10 वर्षांचा हिशेब जवळपास सारखाच. शिवाय विंटेजची पुढची पुनर्नोंदणी 5 हजारांत होते. त्यामुळे 60 च्या दशकातली फियाट 1100 घरात असेल, तर विंटेज नंबरप्लेटचा मोह होणारच.

हा नियम जुलै 2021 मध्ये आला. पहिल्या नोंदणीपासून 50 वर्षे पूर्ण झालेली, खासगी वापराची दुचाकी किंवा चारचाकी त्यात बसते. नंबरमध्ये राज्याच्या अक्षरांनंतर ‘व्हीए’ येते. अट मोठी आहे : गाडी मूळ स्वरूपात हवी. चेसिस, बॉडी किंवा इंजिनात मोठे फेरबदल झालेले चालत नाहीत. शिवाय ही गाडी रोज वापरता येत नाही. प्रदर्शन, विंटेज रॅली, तांत्रिक संशोधन, इंधन भरणे आणि देखभाल एवढ्यासाठीच ती रस्त्यावर आणता येते. रोज तिच्यातून बाजारहाट करायचा असेल, तर हा मार्ग नाहीच.

सस्पेन्शनचे नाव नियमात नाही, मग?

गॅरेजवाले नेमके हेच सांगतात. स्प्रिंग म्हणजे चेसिस नव्हे, हे खरेच. पण ‘मूळ स्वरूप’ हे शब्द नियमात आहेत आणि गाडी पाहून निर्णय घेण्याचे काम राज्याच्या समितीचे आहे. काढलेली मूळ स्प्रिंग जपून ठेवली असेल, तर ती पुन्हा बसवता येते. गाडी आणखी खाली यावी म्हणून चेसिसला खाच मारली असेल, तर परतीचा रस्ता बंद. ही खाच म्हणजे विंटेज नोंदणीवर स्वतःच्या हाताने मारलेली फुली आहे.

साधी नोंदणी असली तरी मोटार वाहन कायद्याचे कलम 52 आहेच. आरसीवरचा तपशील कंपनीच्या मूळ तपशिलाशी जुळणार नाही, असा बदल मालकाला करता येत नाही. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी 2019 मध्ये केरळच्या एका प्रकरणात हेच ठामपणे सांगितले. आरसीवर गाडीची जमिनीपासूनची उंची लिहिलेली नसते, त्यामुळे वादाला जागा उरते. पण परवानगी नसलेले सुटे भाग बसवून बदल केल्यास कलम 182-अ नुसार 6 महिन्यांपर्यंत कैद, प्रत्येक बदलामागे 5 हजार रुपये दंड किंवा दोन्ही होऊ शकते. अपघातानंतर विमा कंपनीही न कळवलेल्या बदलावर बोट ठेवू शकते.

स्प्रिंग कापली की काय होते?

फियाटला पुढे कॉइल स्प्रिंग आणि मागे कमानपाटे असतात. समजा, स्प्रिंगला काम करणारे 8 वेढे आहेत. त्यातले 2 कापले, तर ती सुमारे 33 टक्के कडक होते. चाकाला वर सरकायला जागा मात्र कमी उरते. त्यामुळे खड्ड्यात सस्पेन्शन रबरी बफरवर आदळते आणि धक्का थेट बॉडीला बसतो. पन्नास-साठ वर्षांच्या पत्र्याला तो कितपत सोसेल? पुढच्या चाकांचा कोन बदलतो, टायर एका कडेने झिजतात. काही ठिकाणी गॅसकटरने स्प्रिंग तापवून खाली बसवतात. हा प्रकार सर्वांत वाईट. त्याने पोलादाचा ताव जातो आणि स्प्रिंग पुढे कधीही दगा देऊ शकते.

गतिरोधकाचे गणित तर मजेशीर आहे. इंडियन रोड्स काँग्रेसच्या निकषानुसार गतिरोधक 3.7 मीटर लांब आणि मध्यभागी 10 सेंटीमीटर उंच हवा. फियाट 1100 च्या पुढच्या-मागच्या चाकांत 2.34 मीटर अंतर आहे. अशा गतिरोधकावर चारही चाके चढलेली असताना गाडीच्या पोटाला जेमतेम 4 सेंटीमीटर जागा लागते. खाली बसवलेली गाडीही निघून जाईल. पण गावोगावी दिसतात ते हातभर रुंदीचे, उभ्या कडांचे उंचवटे. तिथे पुढची चाके पलीकडे उतरलेली, मागची अलीकडे आणि मध्ये पूर्ण उंचवटा. सायलेन्सर नाही तर इंजिनाचा ऑइल चेंबर घासणारच. नगर-मनमाड रस्त्याने प्रवास करणाऱ्यांना खड्ड्यांबद्दल वेगळे सांगायला नको.

गंमत म्हणजे, नव्या गाडीच्या मॉडेलला मान्यता देणाऱ्या देशातील मोजक्या चाचणी संस्थांपैकी एक, डीआरडीओची व्हीआरडीई, याच शहरात आहे. अशा चाचणीत ब्रेक, स्टिअरिंग, वजन सगळे कंपनीने दिलेल्या रचनेतच तपासले जाते. गॅरेजमध्ये स्प्रिंग कापल्यावर तशी तपासणी कुणी करत नाही.

गाडी आधीच खाली केली असेल, तर विंटेजसाठी अर्ज करण्यापूर्वी मूळ मापाच्या स्प्रिंग बसवून अलाइनमेंट करून घ्या, ब्रेकचे होज पाइप कुठे घासले आहेत का ते पाहा. अर्ज परिवहन विभागाच्या ‘परिवहन’ पोर्टलवर करता येतो. विमा आणि जुनी आरसी हाताशी ठेवा. परदेशातून आणलेली गाडी असेल, तर बिल ऑफ एंट्रीही लागते.