गाणं हॉलमध्ये वाजवायला कंपनीच्या सर्व्हरची परवानगी कशाला?

लॅपटॉप बेडरूममध्ये आणि चांगले स्पीकर हॉलमधल्या जुन्या कॉम्प्युटरला. इथलं गाणं तिथे ऐकायचं, तर नवा ‘स्मार्ट’ स्पीकर घ्यायलाच हवा का? माझं उत्तर : नाही.

नेमकं काय होतं?
सीडीच्या दर्जाच्या आवाजाचे सेकंदाला ४४,१०० नमुने असतात, प्रत्येक १६ बिटचा. डावी-उजवी बाजू मिळून सेकंदाला सुमारे १.४ मेगाबिट डेटा होतो. त्याचे छोटे तुकडे वाय-फायवरून दुसऱ्या कॉम्प्युटरकडे जातात. साध्या राउटरलाही हे जड नाही. गाण्याची फाइल लॅपटॉपवरच असेल, तर इंटरनेटही लागत नाही.

मग अडचण कुठे?
वेळेत. काही तुकडे उशिरा पोहोचतात, म्हणून पलीकडचा कॉम्प्युटर थोडा साठा करून ठेवतो. हाच बफर. तो लहान ठेवला तर आवाज तुटतो. मोठा ठेवला तर सिनेमात ओठ आधी हलतात, संवाद नंतर येतो. शिवाय दोन मशीनची घड्याळं तंतोतंत जुळत नाहीत. दहा लाखांत ५० एवढाच फरक असला, तरी तासाभरात ०.१८ सेकंद साचतात. चांगलं सॉफ्टवेअर हा फरक सतत भरून काढतं.

पर्याय काय?
लिनक्सवर २००४ मध्ये सुरू झालेला पल्सऑडिओ आणि आता त्याची जागा घेणारा पाइपवायर हे काम फुकट करतात. अनेक खोल्यांत एकाच वेळी गाणं हवं असेल, तर स्नॅपकास्ट आहे. सेटिंगसाठी एखादी संध्याकाळ जाईल, हे खरं. एक खबरदारी मात्र घ्या. पासवर्डशिवाय कुणालाही जोडू देणारी सेटिंग ठेवू नका, नाहीतर त्याच वाय-फायवरचा दुसरा कुणी तुमचा माइकही ऐकू शकेल. राउटरवरून हे पोर्ट इंटरनेटला उघडं करू नका.

हा खटाटोप कशासाठी?
मार्च २०२५ मध्ये गुगलचे दुसऱ्या पिढीचे क्रोमकास्ट आणि क्रोमकास्ट ऑडिओ अचानक चालेनासे झाले. कारण होतं मुदत संपलेलं डिजिटल प्रमाणपत्र. गुगलने नंतर दुरुस्ती पाठवली. पण तोवर वाय-फाय चालू, स्पीकर ठणठणीत, तरी घर गप्प!

सोय विकत घेण्यात गैर काही नाही. फक्त पुढचा स्पीकर घेताना दुकानदाराला एक प्रश्न जरूर विचारा : इंटरनेट बंद असताना हा वाजेल का?