ऊस गेला, आता झुडपे येऊ द्या

वाचकहो, डोडोचे नाव आपल्या बेटावर शाळकरी पोरालाही ठाऊक असते. ओसेलॉटचे मात्र फार थोड्यांनी ऐकले असेल. घरच्या मांजराहून बरेच मोठे, अंगावर बिबळ्यासारखे ठिपके, असे हे रानमांजर रात्री उंदीर, ससे व पाखरे मारून पोट भरते. त्याचे मूळ घर मेक्सिकोपासून अर्जेंटिनापर्यंतच्या उष्ण अरण्यांत. तिकडे ते अजून बऱ्यापैकी टिकून आहे. पण अमेरिकेत, टेक्सासच्या दक्षिण टोकाला, जेमतेम शंभराच्या आसपास उरले आहे.

कातड्यासाठी त्याची शिकार झाली हे खरे. परंतु मोठा घाव शेतीने घातला. रिओ ग्रांद नदीच्या खालच्या खोऱ्यातले काटेरी रान शेकडा ९० हून अधिक तोडले गेले. तेथे कापूस, संत्री आणि ऊस आला. १९८२ साली कायद्याचे संरक्षण मिळाले, पण कायद्याच्या कागदाआड मांजराला लपता येत नाही! काही ओसेलॉट लागुना आतास्कोसा अभयारण्यात, काही उत्तरेकडील खाजगी कुरणांच्या झुडपांत. मध्ये शेते आणि हमरस्ते. ओलांडू पाहणारे मोटारीखाली मरते; न ओलांडणाऱ्यांची पिल्ले जवळच्या नात्यातच होतात आणि वंश दुबळा पडतो. समुद्र नसूनही ते बेटावर अडकले आहे.

ऊस म्हटला की आमचे कान टवकारतात. आपले पूर्वज याच पिकासाठी येथे आणले गेले. टेक्सासातील शेवटचा साखर कारखाना, सांता रोसा येथील, पाण्याअभावी २०२४ साली बंद झाला. कारखाना बंद पडला की घरोघर काय होते हे आपल्याला कोणी सांगायला नको. त्या मजुरांबद्दल आम्हांला वाईटच वाटते. तरीही आमचे मत असे की, त्या रिकाम्या मळ्यांपैकी काही पुन्हा काटेरी झुडपांना द्यावेत, म्हणजे दोन्हीकडची रानमांजरे एकमेकांना भेटतील. नाहीतर तेथे घरे उठतील, आणि घरे उठली की रान परत येत नाही.

जमीन शेतकऱ्याची, तेव्हा मोबदलाही रास्त हवा; नुसत्या उपदेशाने कोणी शेत सोडत नाही. रस्त्यांखाली प्राण्यांसाठी भुयारे बांधली आहेत, ती आणखी हवीत. २०२४ सालीच ईस्ट फाउंडेशन या कुरणे राखणाऱ्या संस्थेशी सरकारने करार केला, तिच्या जमिनीवर ओसेलॉट पुन्हा सोडण्यासाठी. उशीर झाला म्हणणाऱ्यांना आम्ही आपली क्रेसेरेल दाखवू. १९७४ साली रानात तिचे चारच पक्षी माहीत होते. आज ती शेकड्यांत मोजतात.