स्तंभावरची बावीस नावे आणि घाटकोपरची दहा

१ जानेवारी आली की आपल्या सगळ्यांच्या मोबाईलवर भीमा कोरेगावचा स्तंभ उभा राहतो. 'पाचशे विरुद्ध अठ्ठावीस हजार' हा आकडा पोराटोरांनाही पाठ आहे. चांगली गोष्ट आहे. पण आम्हाला एक प्रश्न विचारायचा आहे, आणि तो मनुवाद्यांना नाही, आपल्याच माणसांना. त्या स्तंभावर कोरलेल्या नावांपैकी दोन नावे सांगा. बरे, ती राहू द्या, दोनशे वर्षे झाली. ११ जुलै १९९७ ला घाटकोपरच्या माता रमाबाई आंबेडकर नगरात गोळ्यांनी पडलेल्या दहा जणांपैकी दोघांची सांगा.

हा प्रश्न आम्ही विक्रोळीत विचारला, मुलुंडला विचारला, घाटकोपरला तर दोनदा विचारला. प्रत्येक बैठकीत पोरे एकमेकांकडे बघतात. आम्हालाही बरीच वर्षे ती नावे येत नव्हती, म्हणून कोणाला हिणवण्याचा अधिकार आम्हाला नाही. पण गप्प बसण्याचाही नाही.

कोरेगावचा विषय निघाला की समोरचा ठरलेले वाक्य टाकतो: "तुम्ही इंग्रजांचा विजय साजरा करता." त्याला उत्तर देताना आपण आकड्यांच्या भांडणात अडकतो. वास्तविक उत्तर स्तंभावरच आहे. स्तंभ कंपनी सरकारने स्वतःच्या गौरवासाठी उभारला, हे आम्हाला ठाऊक आहे. त्यावर ४९ जणांची नावे आहेत आणि त्यांतली २२ नावे शेवटी 'नाक' लागणारी, म्हणजे महार शिपायांची आहेत. (म्हणजे उरलेली दुसऱ्या जातींची आहेत, हेही पोरांना सांगा. सत्य सांगितल्याने आपला इतिहास लहान होत नाही.) ज्या गावगाड्यात महाराला 'अरे' आणि 'काय रे' यापलीकडे नाव नव्हते, त्या काळात बावीस महारांची नावे दगडात कोरली गेली. बाबासाहेब १ जानेवारी १९२७ ला तिथे गेले ते इंग्रजांना सलाम ठोकायला नाही. ज्यांच्या रक्तावर राज्य उभे केले, त्यांचीच सैन्यभरती त्याच सरकारने १८९२ च्या सुमारास 'लढाऊ जात नाही' म्हणून बंद केली होती. गोपाळबाबा वलंगकरांनी १८९४ मध्ये त्याविरुद्ध अर्ज तयार केला, शिवराम जानबा कांबळे १९१० मध्ये पुन्हा लढले. पहिल्या महायुद्धात माणसे कमी पडली तेव्हा १९१७ मध्ये १११ महार पलटण उभी राहिली, गरज सरली तशी १९२१ मध्ये मोडली. बाबासाहेबांनी स्तंभावरची नावे पुरावा म्हणून वापरली. सरकारने स्वतःच्या हाताने कोरलेला पुरावा त्याच सरकारच्या तोंडावर मारला. स्मरणाचे हे काम आहे. १ ऑक्टोबर १९४१ ला बेळगावात महार रेजिमेंट उभी राहिली, त्यामागे ही सगळी अर्जांची, सभांची आणि नावांची लढाई आहे.

आमचे आजोबा त्या रेजिमेंटमध्ये १९४२ ला भरती झाले. सातारा जिल्ह्यातले गाव. पहिल्या रजेवर आले तेव्हा पायात बूट होते, आणि चावडीपुढून जाताना ते काढायला सांगितले गेले. आजोबांनी काढले नाहीत. पुढे काय झाले ते आजी कधी सांगायची नाही, एवढेच म्हणायची की त्या रात्री ते घरी झोपले नाहीत. स्वातंत्र्यानंतर ते मुंबईला आले, घाटकोपरच्या चिखलात बांबू रोवून झोपडी बांधली. त्यांची काळी लोखंडी ट्रंक आजही आमच्याकडे आहे. त्यात डिस्चार्जचे पुस्तक, एक पदक, आणि दर सहा डिसेंबरला घालायचा पांढरा सदरा.

पण आम्हाला आजोबांबद्दल नाही, त्यांच्या चुलतभावाबद्दल लिहायचे आहे. तो त्यांच्याबरोबरच भरती झाला आणि परत आला नाही. गोळीने गेला की तापाने, कुठे गेला, हे घरात कोणालाच सांगता येत नाही. आजी त्याला 'धाकल्या' म्हणायची. दुसऱ्या महायुद्धात मेलेल्या हिंदी शिपायांची नोंद ब्रिटिशांच्या युद्धस्मारक आयोगाने ठेवली आहे. नंबर, पलटण, पुष्कळदा बापाचे आणि गावाचे नावसुद्धा. दोन वर्षांपूर्वी आम्ही ती यादी उघडून बसलो. आणि लक्षात आले की शोधायचे कोणाला? यादीत 'धाकल्या' नावाचा शिपाई कसा असेल! साहेबाच्या वहीत त्याचे नाव बहुधा जपलेले आहे. हरवले ते आमच्या घरात. आजी जिवंत होती तेव्हा विचारायला पाच मिनिटे लागली असती.

१९९७ मध्ये आम्ही सातवीत होतो. त्या शुक्रवारी सकाळी बाबासाहेबांच्या पुतळ्याला चपलांचा हार घातल्याचे कळले आणि वस्ती हायवेवर उतरली. राज्य राखीव पोलीस दलाची गाडी आली आणि काही मिनिटांत गोळ्या सुटल्या. मेलेल्यांत पुष्कळ जण रास्ता रोकोच्या जागी नव्हतेच, वस्तीच्या तोंडाशी उभे होते. आमचे वडील दुपारी आले तेव्हा त्यांच्या सदऱ्यावर दुसऱ्या कोणाचे तरी रक्त होते. ते मोरीत गेले आणि बराच वेळ नुसते पाणी ओतत राहिले. त्या दिवशी आमच्या पोरवयाला न पेलणारी एक गोष्ट कळली: ट्रंकेत ठेवलेलीही वर्दीच होती, आणि गोळी आली तीही वर्दीतूनच.

म्हणून "शहीद फक्त सीमेवरचा" असे कोणी म्हणाले की आमचे डोके फिरते. महार रेजिमेंटच्या आठव्या बटालियनचे मेजर रामस्वामी परमेश्वरन, मुंबईत जन्मलेले, २५ नोव्हेंबर १९८७ ला श्रीलंकेत पडले. मरणोत्तर परमवीरचक्र मिळाले, आणि मिळायलाच हवे होते. त्यांना आमचा कडक जयभीम. पण ज्या घरांनी पलटणीला माणसे दिली, त्याच घरांतली माणसे बाबासाहेबांच्या पुतळ्याच्या अपमानाने रस्त्यावर आली आणि मेली, तर त्यांना 'जमाव' म्हणायचे? गुंडेवार आयोगाने गोळीबार समर्थनीय नव्हता असे म्हटले. सत्र न्यायालयाने त्या पथकाच्या अधिकाऱ्याला जन्मठेप दिली, ती २००९ मध्ये, म्हणजे बारा वर्षांनी. आणि मग उच्च न्यायालयातून जामीनही झाला. दहाच्या पाठोपाठ अकरावा गेला, मुलुंडचा शाहीर विलास घोगरे. १५ जुलैला त्यांनी स्वतःच्या झोपडीत जीव दिला. आनंद पटवर्धनांचा 'जय भीम कॉम्रेड' त्या मरणापासून सुरू होतो आणि तो बनायला चौदा वर्षे लागली. तो सिनेमा तरी किती जणांनी पुरता पाहिला आहे?

११ जुलैचे अभिवादन दरवर्षी होते, नाही असे नाही. पण बॅनर बघा. गटागटाचे वेगळे बॅनर, नेत्याचा फोटो हातभर, दहा जणांसाठी 'शहिदांना विनम्र अभिवादन' एवढी एक ओळ. नेत्याच्या भाच्याचेही नाव त्यावर असते, मेलेल्यांचे नसते.

आणि आता वेळ कमी आहे. रमाबाई नगरचा पुनर्विकास सुरू झाला आहे. एमएमआरडीए आणि झोपडपट्टी पुनर्वसन प्राधिकरण मिळून करत आहेत, पूर्व मुक्त मार्ग ठाण्याकडे न्यायचा आहे. पक्की घरे मिळावीत, आम्ही त्याच्या विरोधात नाही. चाळीस वर्षे गुडघाभर पाण्यात काढलेल्या बाईला पुनर्विकासाचे तोटे ऐकवायला जाऊ नये. पण परिशिष्ट-२ मध्ये आपले नाव आहे की नाही हे बघायला जशी झुंबड उडते, तशी त्या दहा नावांसाठी कोण धावले? ज्या जागेवर माणसे पडली ती जागा मंजूर नकाशात स्मारक म्हणून दाखवलेली असली पाहिजे, दहा नावे आणि तारीख कोरलेली असली पाहिजेत, आणि आयोगाचा अहवाल व निकालपत्र ठेवायला एक खोली. लेखी. "बघू, करू" हे शब्द इंदू मिलच्या जागेवरच्या स्मारकासाठी आपण किती वर्षे ऐकले ते आठवा.

त्यासाठी आधी आपल्याकडे कागद लागतो. म्हणून या ११ जुलैला वस्तीत याल तेव्हा हार आणू नका. वही आणा. मृतांच्या नातेवाइकांकडे जा, चहा घ्या, आणि ते सांगतील तेवढेच लिहा: पूर्ण नाव, वय, गाव, काय काम करायचा, त्या सकाळी घरातून कशाला बाहेर पडला होता. त्यांना बोलायचे नसेल तर जयभीम करून उठा. आणि स्वतःच्या घरात म्हातारे माणूस असेल तर त्याच दिवशी त्यालाही विचारा, की आपल्यातले कोण पलटणीत गेले होते आणि त्याचे खरे नाव काय होते.

जयभीम!