पदवी पर्यावरणाची, काम कुठलं?

पर्यावरणशास्त्रात एम.एस्सी. करून पोरगं पुढे करणार काय, हा यवतमाळच्या पालकांचा प्रश्न रास्तच आहे. पर्यावरण शिक्षण सक्तीचं करण्याच्या सर्वोच्च न्यायालयाच्या १९९१ च्या निकालानंतर हा विषय हळूहळू सगळ्याच अभ्यासक्रमांत आला, पण बहुतेक ठिकाणी तो प्रकल्पवही भरण्यापुरताच उरला.

आणि जिल्हा कुठला? २०१७ मध्ये कपाशीवर फवारणी करताना इथले वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर विषबाधेने दगावले. पुढच्या वर्षी नरभक्षक ठरवलेल्या अवनी वाघिणीवरून राळेगाव-पांढरकवडा पेटलं. २०१९ मध्ये टिपेश्वरचा तरुण वाघ गळ्यात रेडिओ कॉलर घेऊन, शेतशिवारं ओलांडत बुलडाण्याच्या ज्ञानगंगा अभयारण्यात पोचला. वणीची कोळसाधूळ तर नेहमीचीच. काम नाही असं कोण म्हणेल? काम आहे, पदं नाहीत.

प्रदूषण नियंत्रण मंडळ, नागपूरची ‘नीरी’ ही पर्यावरण संशोधन संस्था इथल्या जागा मोजक्या. पाणी-माती तपासणाऱ्या प्रयोगशाळा, खाणी-कारखान्यांचे पर्यावरण विभाग आणि प्रकल्पांचे परिणाम-अहवाल लिहिणाऱ्या सल्लागार संस्था हाच खरा रोजगार. त्यातली मेख अशी, की अहवालाचे पैसे प्रकल्प उभारणाराच देतो. इथे पदवीपेक्षा पाठीचा कणा जास्त लागतो.

विद्यार्थ्यांनो, प्रवेश घेण्याआधी महाविद्यालयाची प्रयोगशाळा पाहा, क्षेत्रभेटी होतात का ते विचारा. आणि जवळपास एखाद्या खाणीची जनसुनावणी लागली, तर अहवालाचा मराठी सारांश मागून वाचा. पर्यावरणीय परिणाम मूल्यांकनाच्या २००६ च्या अधिसूचनेनुसार तो उपलब्ध करणं बंधनकारक आहे.